विद्यार्थी कृतीचा रकाना

बी.एड.च्या दोन वर्षांत मी जितके लिहिले तितके त्याआधीच्या पंधरा वर्षांच्या शिक्षणात लिहिले नसेल, आणि त्यातले बहुतेक लेखन पाठ टाचणांचे, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यांचे, होते. आमच्या टाचणाच्या कागदावर उभे रकाने आखलेले असत: आशय, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन आणि मूल्यमापन. यांतील विद्यार्थी कृतीचा रकाना मला सुरुवातीला सर्वांत सोपा वाटला होता. शिक्षक कृतीत आपण जो प्रश्न लिहू त्याच्यासमोर विद्यार्थी काय उत्तर देतील तेही आपणच लिहायचे, एवढेच त्या रकान्याचे काम. वर्गात पाऊल टाकण्याआधी, बहुधा आदल्या रात्री अकरा वाजता, मी चाळीस मुलांच्या वतीने उत्तरे लिहून मोकळी होत असे. ती उत्तरे नेहमी बरोबर असत, पूर्ण वाक्यांत असत आणि पुढच्या प्रश्नाला अगदी सोयीची असत.

साताऱ्यात शिक्षक व्हायला निघणे ही काही विशेष बातमी नसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे सुरू केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्याला आली, तेव्हापासून या शहराचा शाळांशी असलेला संबंध इतका जुना आहे की कोणत्याही लग्नात जेवणाच्या पंगतीत दोन तरी निवृत्त मुख्याध्यापक भेटतातच. सावित्रीबाई फुले यांचे नायगाव याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. त्यांनी मुलींना शिकवण्यासाठी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते, ही गोष्ट त्यांच्या जयंतीच्या भाषणांत सहसा एका वाक्यात उरकली जाते. मला मात्र बी.एड.ला आल्यावर ती फार जवळची वाटू लागली. भौतिकशास्त्रात पदवी घेतल्यावर मी प्रवेश परीक्षा दिली, पहिली अध्यापन पद्धती गणित आणि दुसरी विज्ञान अशी घेतली, आणि दोन वर्षे सकाळच्या एसटीने साताऱ्याला येत राहिले. हा अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षाचा होता. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला आणि शाळेत प्रत्यक्ष घालवायचा काळ वीस आठवड्यांचा करण्यात आला, चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. आमच्या आधीच्या पिढीतील शिक्षक या वाढीव वर्षाबद्दल नाराजीने बोलतात. माझे मत वेगळे आहे, कारण मला जे काही समजले ते त्या सोळा आठवड्यांतच समजले.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असते. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे, म्हणजे प्रश्न विचारण्याचे, फलक लेखनाचे, प्रबलनाचे (शाबासकी देऊन प्रोत्साहन देण्याचे) किंवा चेतक बदलाचे (लक्ष टिकवण्यासाठी आवाज, हालचाल बदलत राहण्याचे), आणि दहा जणांसमोर सहा मिनिटे शिकवायचे. मग सहा मिनिटे प्रत्याभरण (पाहणाऱ्यांचे अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे अध्यापन आणि शेवटी पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे ते छत्तीस मिनिटांचे चक्र. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत घडली आणि आपल्याकडे ती चांगलीच रुजली. तिचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची माझी सवय तिथेच मोडली आणि 'समजलं का?' हा प्रश्न मुळात प्रश्नच नाही हेही तिथेच कळले. अडचण इतकीच होती की समोर बसलेले विद्यार्थी आम्हीच होतो. उद्या आपल्यालाही उभे राहायचे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे आम्ही एकमेकांना अत्यंत शहाणी उत्तरे देत असू. 'अपूर्णांकात वरच्या संख्येला काय म्हणतात?' असे विचारले की एम.एस्सी. झालेला सहाध्यायी हात वर करून गंभीरपणे 'अंश' म्हणत असे. माझा विद्यार्थी कृतीचा रकाना त्या काळात शब्दशः खरा ठरत होता, आणि म्हणूनच त्याच्यावर माझा भरवसा बसला.

हा भरवसा मोडला तो दहावीच्या वर्गावरील एका सराव पाठात. शाळा शहरातलीच होती, घटक होता उष्णता आणि उपघटक अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता. बर्फाला उष्णता देत राहिले तर सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान शून्यावरच थांबते, नंतर पाण्याचे तापमान वाढत जाते आणि उकळू लागल्यावर ते पुन्हा थांबते, हे दाखवायचे होते. दिलेली उष्णता जाते कुठे, या प्रश्नावर सगळा पाठ उभा होता. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी, हे आकडे मी कार्डशीटवर ठळक अक्षरांत लिहून नेले होते. फळ्यावर तापमान आणि काळ यांचा आलेख काढायचा, त्यात शून्यावर एक आडवी रेषा आणि शंभरावर दुसरी. टाचणात लिहिले होते: 'शिक्षक कृती: आता तापमापीत किती तापमान दिसते? विद्यार्थी कृती: १०० अंश सेल्सिअस.'

बर्फाने माझे ऐकले. पारा शून्यावर उभा राहिला, दोन मुलांनी पुढे येऊन वाचन घेतले, मी ते फळ्यावर मांडले. पाण्यानेही बराच वेळ ऐकले. मग चंचुपात्रात बुडबुडे उसळू लागले, वाफ येऊ लागली, मी ठरलेला प्रश्न विचारला आणि पुढे आलेली मुलगी म्हणाली, "सत्त्याण्णव." मी म्हटले, "थोडं थांब, वाढेल." ती थांबली. तिच्याबरोबरच्या मुलाने वाकून पाहिले आणि साडेसत्त्याण्णव म्हणाला. पाणी खळखळा उकळत होते आणि पारा ढिम्म हलत नव्हता. मागच्या बाकावर माझे दोन सहाध्यायी आणि पद्धती विषयाचे आमचे सर निरीक्षण वही घेऊन बसले होते, तासाची बारा मिनिटे उरली होती आणि माझ्या आलेखाची दुसरी आडवी रेषा शंभरावर काढायची राहिली होती. मी म्हणाले, "तापमापीत थोडा दोष असेल, उत्तर शंभर येतं." आणि फळ्यावर शंभर लिहिले. मुलांनी वहीत शंभर लिहिले. त्या मुलीनेही लिहिले, पण लिहिण्याआधी एकदा तापमापीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले.

सरांच्या शेऱ्यात तीन वाक्ये होती. फलक लेखन सुवाच्य. वेळेचे नियोजन चांगले. सत्त्याण्णवचे काय झाले?

दुपारी डबा खाताना मी त्यांच्याकडे गेले आणि तापमापीबद्दल तक्रार केली. त्यांनी विचारले, "बर्फात तिने किती दाखवलं होतं?" शून्य, मी म्हणाले. "मग दोष नेमका कोणत्या टोकाला आला?" मी गप्प बसले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो तापमापीबद्दल नव्हताच. "महाबळेश्वरला कुकर न लावता डाळ शिजवून बघितलीयस कधी?"

मला हे ठाऊक नव्हते असे नाही, आणि तेच अधिक लाजिरवाणे होते. पाण्याचा उत्कलनांक हवेच्या दाबावर अवलंबून असतो, हे मी पदवीच्या परीक्षेत सूत्रासह लिहिले होते. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. दर तीनशे मीटर चढले की उत्कलनांक साधारण एक अंशाने उतरतो. म्हणजे इथे पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळायला हवे, आणि महाबळेश्वरला, जिथे उंची तेराशे मीटरांच्या वर जाते, तिथे पंचाण्णवच्या जवळपास. त्या दोन मुलांनी घेतलेले वाचन अगदी बिनचूक होते. चूक होती ती शंभर हा आकडा पाण्याचा जन्मजात गुण आहे असे मानणाऱ्या माझ्या टाचणाची. आंद्रेस सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली मापनश्रेणी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याच्या बिंदूसाठी हवेचा दाब ठरवून द्यावा लागतो हे त्याला पक्के माहीत होते. (त्याच्या मूळ श्रेणीत उकळते पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर होता, ती उलटवली नंतरच्यांनी.) एकोणिसाव्या शतकात डोंगराळ मुलुखाची मोजणी करणारे लोक पाणी किती अंशांना उकळते यावरून शिखरांची उंची काढत असत. ज्याला मी दोष म्हणाले ती खरे तर उंची मोजण्याची एक जुनी रीत होती.

सराव पाठाच्या शाळेत आपण एका तासाचे पाहुणे असतो. त्या वर्गावर मला पुन्हा जायला मिळाले नाही आणि चाळीस वह्यांमध्ये ते शंभर तसेच राहिले. परीक्षेच्या दृष्टीने त्यांचे काहीही बिघडलेले नाही, कारण बोर्डाच्या आलेखात दुसरी आडवी रेषा शंभरावरच काढायची असते. त्या मुलीने मात्र त्या तासात स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो हे शिकून घेतले असेल, तर ते मी शिकवले.

दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शाळेत घालवायच्या त्या सोळा आठवड्यांसाठी, मला शहराच्या कडेची एक शाळा मिळाली. पटांगणातून अजिंक्यतारा किल्ला समोर दिसतो आणि पावसाळ्यात बराच वेळ दिसत नाही. सोळा आठवडे म्हणजे हजेरी, सहल, पोषण आहाराची नोंद, अनुपस्थित शिक्षकांचे तास, हे सगळे आले, आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सुरुवातीचे दोन आठवडे मी एक वेगळाच उद्योग केला. टाचणातील विद्यार्थी कृतीच्या रकान्यात एक उभी रेघ मारली, डाव्या बाजूला माझे अपेक्षित उत्तर लिहिले आणि उजवी बाजू रिकामी ठेवून तास संपल्यावर मुलांनी खरोखर काय म्हटले ते पेन्सिलने भरले. शाळेतील मार्गदर्शक बाईंनी तो कागद पाहून फक्त एवढेच विचारले, की दुप्पट लिहायला वेळ कुठून आणते. वेळ नव्हताच, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून मी डावी बाजू लिहिणे कमी केले.

उजव्या बाजूला काय काय जमले ते पाहण्यासारखे होते. वनस्पतींच्या पोषणाच्या तासाला 'वनस्पती आपले अन्न कसे मिळवतात?' या प्रश्नावर, कास रस्त्यालगतच्या गावातून येणारा एक मुलगा म्हणाला, "काही माश्या खाऊन मिळवतात." वर्ग हसला. कास पठारावर दवबिंदू नावाची चिकट केसांची वनस्पती कीटक धरते आणि सीतेची आसवं या नाजूक निळ्या फुलांच्या मुळाशी सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात, हे त्याला गुरे राखताना वडिलांनी दाखवले होते. एक वर्षापूर्वीची मी 'छान, पण आपण सर्वसाधारण वनस्पतींबद्दल बोलतोय' असे म्हणून पुढे गेले असते. त्या दिवशी उरलेला तास त्याच्या उत्तरावर गेला: जांभ्या खडकावरच्या त्या पातळ मातीत नायट्रोजन फार कमी असतो, तो कीटकांच्या शरीरातून मिळतो, पण पाने हिरवी आहेत म्हणजे प्रकाशसंश्लेषण चालूच आहे, मग 'अन्न' म्हणायचे कशाला? हा शेवटचा प्रश्न माझा नव्हता, मुलांचा होता.

गणिताच्या तासाचे अनुभव याहून बारीक आहेत आणि मला ते अधिक मोलाचे वाटतात, कारण विज्ञानात निदान चंचुपात्र तरी आपल्याला खोटे पाडते; गणितात चुकीचे उत्तर नुसते लाल शाईने झाकले जाते. नववीच्या वर्गाची मी नैदानिक चाचणी घेतली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे उत्तर अनेकांनी लिहिले होते. उपचारात्मक अध्यापनाचा ठरलेला मार्ग असा, की लसावि काढून छेद समान करण्याची रीत पुन्हा शिकवायची आणि दहा उदाहरणे सोडवून घ्यायची. मी ते करण्याआधी एका मुलीला तिचे उत्तर समजावून सांगायला सांगितले. ती म्हणाली, "बाई, पहिल्या चाचणीत दोनपैकी एक प्रश्न बरोबर आला, दुसऱ्या चाचणीत तीनपैकी एक. दोन्ही मिळून पाचपैकी दोन. मग दोन पंचमांशच झालं ना?"

यावर काय म्हणायचे? तिची बेरीज तिच्या प्रसंगासाठी बरोबर आहे. दोन चाचण्यांचा एकत्रित निकाल खरोखरच पाचपैकी दोन असतो. तिने जे केले ते अपूर्णांकांचे मिलन नव्हते, गुणोत्तरांचे होते. तिथे 'पूर्ण' बदलत जाते, तर अपूर्णांकांच्या बेरजेत एकच पूर्ण धरून ठेवावे लागते. भाकरीचा अर्धा आणि त्याच भाकरीचा तिसरा हिस्सा एकत्र ठेवला तर तो अर्ध्याहून कमी कसा होईल, असे विचारल्यावर ती लगेच थांबली, कारण दोन पंचमांश अर्ध्याहून कमी आहेत हे तिला येतच होते. दहा उदाहरणे सोडवून घेतली असती तर तिने लसावि काढला असता, उत्तर पाच षष्ठांश लिहिले असते आणि मनात दोन पंचमांश तसेच ठेवले असते. ती चूक मला कोणत्याही टाचणात आधी लिहिता आली नसती. आशययुक्त अध्यापनाच्या पेपरात मी अपूर्णांकांच्या संबोधांचा सुंदर तक्ता काढून चांगले गुण मिळवले होते आणि त्यात या मुलीचा कुठेही पत्ता नव्हता, हे मला त्या दिवशी जरा बोचले.

अप्रकट उष्म्याचा पाठ मी याच शाळेत दहावीवर पुन्हा घेतला. या वेळी प्रश्नाच्या समोर काहीही लिहिले नव्हते. पारा साडेसत्त्याण्णवच्या जवळ थांबला तेव्हा मुलांनीही आधी तापमापीवरच संशय घेतला, मग बर्फाचे वाचन आठवले, मग पाण्यात मीठ आहे का असे विचारले. मिठाने उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही, हे एकाने सांगितल्यावर तोही मार्ग बंद झाला, आणि हवेच्या दाबापर्यंत यायला त्यांना संपूर्ण तास लागला. आलेख दुसऱ्या दिवशी झाला. अभ्यासक्रम एका तासाने मागे पडला, त्याबद्दल मला बोलणीही खावी लागली, आणि ती योग्यच होती. मार्च कोणासाठी थांबत नाही.

सोळा आठवड्यांच्या शेवटी त्रिकोणमितीतील उन्नत कोनाचा, म्हणजे वर पाहताना नजर आडव्या पातळीशी करते त्या कोनाचा, घटक आला. पुस्तकातील उदाहरणांत दीपगृह असते, झाड असते, इमारत असते आणि कोन नेहमी तीस, पंचेचाळीस किंवा साठ अंशांचा असतो. मी कोनमापक, शीतपेयाची नळी, दोरा आणि एक नट एवढ्या सामानातून प्रत्येक गटाला उंची मोजण्याचे साधन करायला लावले आणि शाळेच्या टाकीची उंची मोजून घेतली. ते सहज जमले. मग कोणीतरी किल्ल्याकडे बोट दाखवले. त्यावर लगेच दुसरे म्हणाले, "किल्ल्याच्या पोटात शिरून पायथ्यापर्यंतचं अंतर कोण मोजणार?" त्यासाठी दोन ठिकाणांहून दोन कोन घ्यायचे आणि त्या दोन ठिकाणांमधले अंतर मोजायचे, हा उपाय त्यांनीच आकृती काढून शोधला. पटांगणाच्या लांबीवर शंभर मीटर टेपने मोजले. दूरच्या टोकावरून सर्व गटांना कोन साडेअठरा अंश मिळाला. जवळच्या टोकावर एका गटाला एकवीस, एकाला साडेवीस, एकाला वीस आणि एकाला साडेएकोणीस मिळाला. कोनांच्या टॅन गुणोत्तराचा तक्ता मी छापून आणला होता. फळ्यावर चार उंची आल्या: २६०, ३१८, ४१४ आणि ६०६ मीटर. अर्ध्या अर्ध्या अंशाने किल्ला दुपटीहून वाढला होता. एक मुलगी अगदी प्रामाणिकपणे म्हणत होती, की प्रत्येक उत्तरात निरीक्षकाच्या डोळ्यांची उंची, म्हणजे एक मीटर चाळीस सेंटिमीटर, मिळवायचे राहिले आहे.

आता मी उत्तर सांगावे अशी सगळ्यांची अपेक्षा होती. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंच आहे हे मला माहीत होते, तरी मी ते सांगितले नाही. त्याऐवजी पायाचे अंतर शंभराऐवजी चारशे मीटर घेतले तर काय होईल ते तक्त्यावरून काढायला सांगितले. तेव्हा दिसले, की कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उंची पंधरा-वीस मीटरांनीच हलते. शनिवारी सकाळी शाळेबाहेरच्या रस्त्यावर पुन्हा मोजायचे ठरले. घंटा झाली, मुले दप्तरे आवरू लागली, आणि उष्णतेच्या तासाला तापमापी धरून उभा राहिलेला एक मुलगा माझ्या टेबलाजवळ आला.

"बाई, वर जाऊन पाणी उकळलं तर?"

मी त्याला म्हटले, की आपल्या तापमापीवर एकेका अंशाचीच खूण आहे, तीनशे मीटरांना एकच अंश उतरतो, त्यावरून उंची नीट कशी कळणार?

त्याने फळ्याकडे पाहिले. "नीट नाही कळणार. पण तीनशे अठरा खरं की सहाशे सहा, एवढं तर कळेल."